मास्तरच्या लेकी

“यशू, मास्तरच निघाला! ऐकतेस ना? मास्तरच्याच लेकी!”

प्रसेन फोनवर इतक्या जोरात बोलत होता की भाकरी थापता थापता आईंनी मान वर करून बघितलं. मी फोन कानापासून जरा लांब धरला.

“सगळ्या?”

“सगळ्या! एकीतही नशा नाही. तपासणीचा कागद ग्लेनच्या हातात आहे, आणि म्हातारा तो उलटा धरून वाचतोय. रडतोय बहुतेक. तू एक कर, फ्रीझरमधल्या बाटल्या जागेवर आहेत ना तेवढं बघ. हात नको लावूस. नुसतं बघ.”

मी फ्रीझर उघडला. मटारचं पाकीट होतं. पोरीला, मैत्रीला, ताप आला तर असावी म्हणून ठेवलेली बर्फाची पिशवी होती. किसलेलं खोबरं होतं. खोबऱ्याच्या मागे बाटल्या नव्हत्या.

“आहेत ना?” प्रसेन विचारत होता.

तेवढ्यात त्या मला दिसल्या. ओट्यावरच्या जाळीवर, धुतलेल्या चमच्यांच्या शेजारी, तिन्ही बाटल्या पालथ्या घातलेल्या. काच लख्ख चमकत होती.

“तू घरी ये,” एवढंच मी म्हणाले आणि फोन ठेवला.

आम्ही गांजाचं बियाणं करायचो. हे वाक्य मराठीत लिहिताना आजही माझा हात अडखळतो, इंग्रजीत कधी अडखळला नाही. कॅनडाच्या पश्चिमेकडे, डोंगरांमधल्या एका दरीत, ग्लेनचं शेत होतं. सरकारचा परवाना होता. तिथल्या कायद्यानं माणसाला आपल्या घरी चार झाडं लावता येतात, आणि त्या चार झाडांसाठी लोक फार चोखंदळपणे बी निवडतात. आमची पाकिटं दुकानांतून अशा घरांत जायची. प्रसेन ग्लेनचा वाण तयार करणारा माणूस. मी त्याची बायको, कृषी महाविद्यालयात त्याच्याच वर्गात शिकलेली. मैत्रीच्या जन्मानंतर मी पूर्णवेळ काम सोडलं होतं, पण चाचण्यांच्या नोंदी माझ्याकडे होत्या. आमचं घर शेताच्या एका टोकाला आणि काचगृहं दुसऱ्या टोकाला, मध्ये उंच कुंपण.

मास्तर हे एका नर झाडाचं नाव. सरळसोट वाढला होता, छडी घेऊन उभा राहिल्यासारखा, म्हणून प्रसेननं ठेवलेलं. या पिकात नराची पंचाईत अशी की जे हवं ते सगळं मादीच्या फुलात असतं. नराला फुलोरा येतो तो नुसता परागाचा. त्याच्या अंगात काय आहे ते त्याच्याकडे बघून कळत नाही. त्याचा पराग काढून ठेवायचा, झाड उपटून टाकायचं, नाहीतर तो सगळ्या माद्यांना लागतो. मग त्याच्या लेकी वाढवायच्या, तपासायच्या, आणि तेव्हा कुठे समजतं की बाप कसा होता. तोवर बाप कधीच गेलेला असतो. मागे उरतो तो बाटलीतला पराग, आणि पुढचं सगळं बी त्यातूनच करायचं. कोरडा राहावा म्हणून त्यात भाजलेला मैदा मिसळतात. ग्लेनच्या शेडमधला फ्रीझर त्या उन्हाळ्यात बंद पडला होता, म्हणून उरलासुरला सगळा पराग आमच्या घरी आला होता.

नशा नसलेला, पण दुखण्यावर लोक ज्यासाठी तेल काढतात ते सगळं असलेला वाण ग्लेनला हवा होता. बायकोसाठी सुरुवात केली होती त्यानं. वाण हाती येण्याआधीच ती गेली, तरी तो थांबला नाही. प्रसेन आल्यापासून चार वर्षं त्या एकाच गोष्टीत गेली होती.

“आई,” मी म्हणाले, “या बाटल्या...”

“जुनं पीठ व्हतं गं. टाकून दिलं.” आईंनी भाकरी उलटली. “खोबऱ्यामागं काय काय कोंबून ठेवता तुम्ही.”

मला पहिली आठवण पोरीची झाली. परागानं काही होत नाही हे मला पुस्तकातून आणि हातानं, दोन्हीकडून माहीत होतं. तरी तोंडातून गेलंच, “मैत्रीला नाही ना दिलं त्यातलं काही?”

आईंनी तवा खाली उतरवला. “म्या माझ्या नातीला जुनं पीठ चारीन व्हय?”

मैत्री तेव्हा चार वर्षांची होती. ती बाहेरच्या खोलीत बाहुलीला झोपवत होती. मी जाऊन तिचे डोळे बघितले. मी रोजच बघायचे. कुंपणापलीकडून वारा आला की बघायचे, प्रसेननं तिला उचललं की बघायचे. प्रसेन म्हणायचा, तू तिची आई आहेस की डोळ्यांची डॉक्टर?

तो धावत आला. हातात पेढे नव्हते, दरीत मिळत नव्हते, म्हणून बेकरीतले गोड गोळे होते. दारातच त्यानं आईंच्या पाया पडायला वाकायला सुरुवात केली आणि जाळीवरच्या बाटल्या बघून तसाच अर्धा वाकलेला राहिला.

“पीठ वाटलं बाबा,” आई म्हणाल्या.

प्रसेन खुर्चीत बसला. गोळ्यांचं खोकं त्यानं मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, “बरोबर आहे. पीठच आहे त्यात. कुणालाही पीठच वाटणार.”

“लई महागाचं व्हतं का?”

“नाही आई. महागाचं नव्हतं.”

तो उठून ग्लेनकडे गेला. जाताना त्यानं खोकं मैत्रीच्या हातात दिलं. आई भाकऱ्या फडक्यात गुंडाळत होत्या.

आईंबद्दल सांगायला हवं. देऊळगाव राजाच्या बाजूला शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, टोमॅटो-मिरचीचं संकरित बियाणं करतात, तिथे त्यांनी आयुष्य काढलं. चिमट्यानं फुलातले नर काढायचे, दुसऱ्या दिवशी नराची भुकटी बोटानं मादीला लावायची, खूण म्हणून दोरा बांधायचा. नवरा लवकर गेला. या कामावर त्यांनी दोन मुलं वाढवली. थोरला आनंद, कॉलेजात असताना विहिरीत पाय घसरून गेला. धाकटा प्रसेन. आईचं काम बघूनच मी या विषयाकडे वळलो असं तो सगळ्यांना सांगायचा. आईंना मात्र त्यानं सांगितलं होतं की आम्ही औषधी झाडांचं बियाणं करतो. खोटं नव्हतं. आई येऊन तीन महिने झाले होते, आणि तुझं नेट दाखव की, असं त्या म्हणाल्या की तो म्हणायचा, आज फवारणी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेन आला. उंच, वाकलेला, पांढऱ्या दाढीचा. आईंना त्यानं दोन्ही हात जोडून नमस्कार केला, प्रसेननं शिकवला होता तसा. मग ओट्याजवळ जाऊन एक बाटली उजेडात धरली.

“माझ्या बायकोनं एकदा असल्याच पिठाची बिस्किटं केली होती,” तो मला म्हणाला. “मी खाल्लीही. वाईट नव्हती.” तो हसला, आणि हसताना त्याचे डोळे भरले. “मास्तरची भावंडं आहेत अजून. बियांत. पहिल्यापासून सुरू करावं लागेल.”

“तुम्ही कराल?”

“मी एकोणऐंशीचा आहे. प्रसेन करेल का ते विचार.”

आईंना इंग्रजी येत नव्हतं. त्या ग्लेनच्या तोंडाकडे बघत होत्या, एखाद्या परक्याच्या मयताला गेल्यावर बघतात तशा.

तो गेल्यावर मी मैत्रीला आंघोळ घालायला घेतलं. तिनं प्लास्टिकची बाहुली टबमध्ये घेतली होती. बाहुलीचं डोकं काढून ती आत पाणी भरत होती आणि अंगठा लावून हलवत होती.

“हे काय गं?”

“आजीनं बाटलीला आंघोळ घातली. पोटात.” तिनं बाहुली पुन्हा हलवली. “मग तशीच ठेवली. मग आजी रडली. मग मला म्हणाली, जा, चित्रं बघ.”

मी पाणी तिच्या खांद्यावर ओतत होते. तांब्या तसाच धरून राहिले.

जुनं पीठ टाकायचं असलं तर माणूस बाटली कचऱ्याच्या डब्यात उपडी करतो. मग विसळतो. आत पाणी भरून, हलवून, भिजत ठेवत नाही. पाण्यानं पराग मरतो. आम्ही नरांच्या खोलीतून बाहेर पडताना अंगावर पाणी मारून घ्यायचो ते त्यासाठीच. आणि देऊळगावच्या नेटमध्येही एक नर संपवून दुसरा हातात घेताना बायका बोटं पाण्यात बुडवतात. हे मी लग्न झाल्यावर पहिल्याच दिवाळीत आईंच्या शेजारी उभी राहून केलं होतं. त्यांनीच माझी बोटं भांड्यात बुडवली होती.

मैत्री झोपल्यावर, दुपारी, मी मागच्या अंगणात गेले. आई मेथी निवडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर बसले आणि एक जुडी ओढून घेतली.

“आई, तुम्हाला माहीत होतं ना ते काय आहे?”

त्यांनी मान वर केली नाही. “पोरीनं सांगितलं?”

“हो.”

“लेकरं खोटं बोलत न्हाईत.” त्यांनी पानं खुडली, काडी बाजूला ठेवली. “भुकटी नखावर घेतली की कळतं बाई. पीठ नखावर बसतं, हे पळतं. इतकी वर्सं केलं, मला कळणार न्हाई?”

“मग का?”

“वास.” त्या म्हणाल्या. “म्या आले त्या पहिल्या दिशी प्रसेननं मला मिठी मारली विमानतळावर. त्याच्या शर्टाला वास व्हता. म्हनलं, भास असंल. मग हितं कुंपणावरनं वारा आला की रोज. तुम्ही मला औषध सांगता. आनंदानं बी औषधच सांगितलं व्हतं.”

मी जुडीची दोरी सोडली.

“पाय घसरला न्हाई त्याचा,” आई म्हणाल्या. “घसरला असं म्या सांगितलं. औरंगाबादहून आला तवा भिंतीशी बोलायचा. रात रात. घरामागं तुरीत चार झाडं लावली व्हती त्यानं. म्या उपटली. तर त्यानं म्होरल्या महिन्यात पुन्हा लावली. उपटली की पुन्हा. बी व्हतं त्याच्याकडं. मग एक दिस विहिरीकडं चालत गेला, मी हाका मारत व्हते, तर वळून हसला माझ्याकडं.” त्यांनी मेथीची काडी जमिनीवर ठेवली, सरळ. “प्रसेन दहावीला व्हता. त्याला म्हनलं, पाय घसरला.”

“आई...”

“झाड उपटून काय व्हतं? दुसरं येतं. म्या नेटमधली बाई. नर मेला की वाण संपला, एवढं कळतं मला. म्हून नर मारला. एक लेकरू दिलं या झाडाला. दुसरं कशापायी देऊ?”

त्यांचा आवाज चढला नव्हता. मला वाटलं होतं त्या रडतील, मग मला काय बोलायचं ते समजेल.

खरं बोलणं भाग होतं. मी नोंदी ठेवणारी, मला दुसरं काय येतं?

“आई, तो नर...” मी म्हणाले. “त्याच्या लेकींमध्ये नशा नव्हती. जराही नाही. प्रसेन चार वर्षं तेच करत होता. नशा काढून टाकत होता. त्या नरामुळे ते जमलं होतं. काल तोच कागद आला.”

आईंनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वेळात पहिल्यांदा.

“नशा न्हाई असा गांजा?”

“हो.”

“असतो?”

“होता. त्या बाटल्यांत होता.”

मेथी तशीच राहिली. पानांवर माशी येऊन बसली, उडाली. मग आई म्हणाल्या, “तू त्याला काही सांगू नको. म्या सांगते.”

प्रसेन आला तेव्हा त्यांनी त्याला स्वयंपाकघरात समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. पिठाचं, पाण्याचं, मग आनंदचं. मी मैत्रीला घेऊन बाहेर जायला उठले, तर आई म्हणाल्या, “बस. तू बी ऐक.” मैत्री माझ्या मांडीवर बोटं मोजत होती.

प्रसेन ऐकत होता. विहिरीपर्यंत आल्यावर त्यानं हात वर केला.

“मला माहीत होतं, आई.”

“काय माहीत व्हतं?”

“दादाचं. सगळं. तू शेतावर असायचीस तेव्हा त्या झाडांना पाणी मीच घालायचो. दादा सांगायचा, बादलीमागे एक गोष्ट. तू पहिल्यांदा उपटलीस ना, तेव्हा बी कुठे लपवलंय ते मीच दाखवलं त्याला.” त्यानं टेबलावर हात सपाट ठेवला. “तू पाय घसरला म्हणालीस. मग मीही तेच म्हणालो.”

आईंनी पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना एकच खोटं सांगितलं होतं, आणि दोघांनी ते मानल्यासारखं केलं होतं.

“म्हून हे काम धरलंस?” आईंनी विचारलं.

“म्हणूनच असं नाही. पण ग्लेननं पहिल्या दिवशी सांगितलं, नशा काढायचीय, तेव्हा मी पगार न विचारता हो म्हणालो. यशूला विचार. भांडली होती माझ्याशी.”

“भांडले होते,” मी म्हणाले. आईंच्या डोळ्यांत हसू आलं आणि लगेच गेलं.

“आता?” त्यांनी विचारलं.

“आता काय. मास्तरची भावंडं आहेत बियांत. त्यांतले नर घ्यायचे, लेकी वाढवायच्या, तपासायच्या. निघाला तर निघाला एखादा तसा. ग्लेन म्हणतो, करायचं तर सांग. मी अजून सांगितलं नाही.”

“का?”

“तू आधी लेकी बघ. मग सांगतो.”

दुसऱ्या दिवशी तो आईंना काचगृहात घेऊन गेला. मैत्रीला दाराबाहेर ग्लेनजवळ बसवलं होतं. लहान मुलांना आत सोडत नसत. ग्लेन तिला शिट्टी वाजवायला शिकवत होता. मी दाराजवळच थांबले, तिथून दोन्हीकडे दिसत होतं.

आईंनी पांढरा कोट घातला होता, लुगड्यावर, बाह्या दुमडून. ओळीत मास्तरच्या लेकी उभ्या होत्या, फुलांच्या वजनानं वाकलेल्या. आई पहिल्या झाडापाशी गेल्या. त्यांच्या बोटांना सवय होती. देठ कुठे धरायचा, फूल न दुखवता कसं वळवायचं, ते न बघता झालं. पानं बघितली, पेरं बघितली. “झाड निरोगी हाय,” त्या म्हणाल्या, आणि प्रसेनचा चेहरा शाळेतल्या मुलासारखा झाला.

मग त्यांनी फूल चुरलं आणि नाकाशी नेलं.

त्या तशाच उभ्या राहिल्या. पंखा चालू होता, पानं हलत होती. त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि त्या कुठे आहेत ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

“वास तोच हाय रे.”

“वास तोच राहतो आई. नशा नाही. तुला कागद वाचून दाखवतो. यशूनं स्वतः—”

“आनंद असंच म्हनायचा. आई, नुसता वास आहे, याच्यात काही न्हाई. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हनायचा.”

“आई, मी खोटं बोलत नाहीये.”

“तो तरी कुठं बोलत व्हता?” आई म्हणाल्या. “त्याला खरंच तसं वाटायचं.”

प्रसेननं माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलावं असं त्याला वाटत होतं. माझ्याकडे आकडे होते. प्रत्येक झाडाचा निकाल मी स्वतः वाचला होता, दोनदा, आणि माझा त्यावर विश्वास होता. आजही आहे. पण त्या वेळी ते आकडे तोंडातून काढायची मला लाज वाटली. मी पुढे होऊन आईंचा हात धरला. बोटांना चिकट डिंक लागला होता.

“तुम्ही रोज या इथे,” मी म्हणाले. “मी पण येत जाईन. आपण दोघी बघू. आपल्या नजरेसमोर होईल सगळं. काही वेगळं दिसलं तर तिथल्या तिथे थांबवू.”

आईंनी माझा हात थोपटला, जसा मैत्री पडली की तिचा थोपटायच्या.

“तवा बी म्या रोज बघतच व्हते, बाई,” त्या म्हणाल्या.

कोट काढून त्यांनी नीट घडी घातली, प्रसेनच्या हातात दिली आणि बाहेर गेल्या. उघड्या दारातून मला त्या दिसत होत्या. त्या मैत्रीच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मैत्रीनं त्यांना शिट्टी वाजवून दाखवली. वाजली नाही, नुसती हवा आली. आईंनी तिला पुन्हा वाजव म्हणून सांगितलं.

प्रसेन कोट घेऊन उभा होता. ग्लेननं काढून ठेवलेलं मास्तरच्या भावंडांचं बी बाजूच्या टेबलावर होतं, शेजारी ते रुजत घालायला पाण्याचं भांडं.

“भिजवू?” त्यानं विचारलं.

मैत्रीनं पुन्हा फुंकर मारली. मी बाहेरच बघत होते.

“भिजव,” मी म्हणाले.